दर्शन झालं, आता देऊळ बघूया!

कोल्हापूरची अंबाबाई, जोतिबा आणि नरसोबाची वाडी ही आम्हा कोकणातल्या बायकांची ठरलेली वारी. आमच्या मालगुंडहून भल्या पहाटे निघायचं, निवळी, हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा, आणि दुपारी महाद्वाराशी ओटीचं ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी वाडी. तिथे पादुकांचं दर्शन, कवठाची बर्फी आणि बासुंदीची खरेदी, की गाडी परत घाटाकडे! तुमच्या गावाहून निघणाऱ्या सहलींचंही थोड्याफार फरकाने असंच असेल, हो की नाही?

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी वाडीहून लगेच मागे फिरू नका. कुरुंदवाडवरून आणखी थोडं पुढे जा. उसाच्या मळ्यांतून जाणारा रस्ता जिथे संपल्यासारखा वाटतो, पलीकडे कर्नाटक सुरू होतं, तिथे कृष्णेच्या काठी खिद्रापूर नावाचं लहानसं गाव आहे. शिरोळ तालुक्यातलं हे गाव कोल्हापूरहून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. तिथलं कोपेश्वराचं देऊळ महाराष्ट्रातल्या कोरीव देवळांत पहिल्या पंक्तीत बसेल असं आहे. आणि कळकळीची विनंती म्हणजे, तिथे पंधरा मिनिटांत ‘उरकून’ येऊ नका. चांगले दोन तास हाताशी ठेवा.

आपल्या कोकणच्या डोळ्यांना खरं तर दगडातल्या बारीक कामाची सवय नाही. याचं कारण आपल्या पायाखालीच आहे. आपला दगड जांभा. खाणीतून काढताना मऊ, वारा लागला की कठीण होणारा. चिरे पाडायला उत्तम, पण अंगाला सगळी भोकंच भोकं! त्यात नथीतला मोती आणि बोटातली अंगठी कशी कोरणार? म्हणून आपली देवळं चिऱ्याची, लाकडी खांबांची, उतरत्या कौलांची. घाटावर मात्र काळा कातळ. छिन्नीला दाद द्यायला तो वेळ लावतो, पण एकदा कोरलं की आठशे-नऊशे वर्षं धरून ठेवतो.

राजे आले, राजे गेले

आता थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळी पाठ करायला लावणार नाही. मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, त्यामुळे सनावळीने वर्गाचे डोळे कसे मिटतात ते मला चांगलं माहीत आहे!

बाराव्या शतकात कोल्हापूर भागावर शिलाहार घराण्याचं राज्य होतं. कल्याणीच्या चालुक्यांचे हे मांडलिक. आपल्या अंबाबाईवर त्यांची एवढी भक्ती, की महालक्ष्मीच्या वराचा प्रसाद आम्हाला लाभला आहे, असं ते आपल्या बिरुदांतच लिहीत. त्यांच्यापैकी गंडरादित्य नावाच्या राजाने मिरजेच्या बाजूला एक मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शंकर, बुद्ध आणि जिन अशा तिघांचीही स्थापना केली, असं त्याच्या शके १०३२ च्या, म्हणजे इ.स. १११० च्या ताम्रपटात नोंदलेलं आहे. एका तलावाच्या काठी तीन धर्मांचे देव! खिद्रापुरातही कोपेश्वराच्या देवळापासून थोड्याच अंतरावर आदिनाथाचं जुनं कोरीव जैन मंदिर आहे. तेही पाहायला विसरू नका.

या शिलाहारांच्या काळात कोपेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण चालून आला, शेवटचा शिलाहार राजा दुसरा भोज हरला आणि राज्य यादवांकडे गेलं. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या देवळाचं काय करावं? सिंघणाने देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिलं. शके ११३६, म्हणजे इ.स. १२१३-१४ मधला त्याचा शिलालेख देवळाच्या दक्षिण दाराजवळ आहे. देवनागरीत आहे. अक्षरं नीट पाहिलीत तर आपल्या ओळखीची काही नक्की सापडतील. देवळातले बाकीचे बरेचसे लेख जुन्या कानडीत आहेत. हा सिंघण म्हणजे तोच, ज्याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. राज्य बदललं, पण देवापुढचा दिवा विझला नाही, एवढं या लेखाचं सार लक्षात ठेवलंत तरी पुरे.

रुसलेला देव आणि गैरहजर नंदी

देवळात शिरल्याबरोबर चाणाक्ष बाई विचारतेच, “अगं, इथे नंदी कुठाय?” शंकराचं देऊळ आणि समोर नंदी नाही! त्याची गोष्ट अशी सांगतात. दक्षाने यज्ञ मांडला, पण जावयाला बोलावलं नाही. लेकीला राहवलं नाही. माहेरच्या कार्याला बोलावणं कसलं हवं, म्हणून सती नंदीवर बसून निघाली. तिथे नवऱ्याचा अपमान ऐकून तिने स्वतःला अग्नीत झोकून दिलं. शंकराला अनावर कोप आला, म्हणून तो कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला, तो धोपेश्वर. गाभाऱ्यात म्हणूनच दोन लिंगं आहेत, एक हराचं आणि एक हरीचं. आणि नंदी? तो सतीबरोबर गेला, तो तिकडेच राहिला. पलीकडे कर्नाटकात यडूरला तो आहे, असं लोक सांगतात.

बिनबोलावता माहेरी गेलेल्या लेकीची गोष्ट आपल्याला नवी नाही. पण एका देवळाचं सगळं नावगाव त्या गोष्टीवर उभं असावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

छताला भोक की आभाळाची खिडकी?

पुढच्या मंडपाला स्वर्गमंडप म्हणतात. आत जाऊन मान वर करा. छताच्या मधोमध सुमारे तेरा फूट व्यासाचं गोल गवाक्ष आहे, सरळ आभाळ दिसतं! बरोबर खाली तेवढीच मोठी गोल शिला. तिला रंगशिला म्हणतात. भोवती बारा खांबांचं रिंगण आणि त्याबाहेर आणखी खांब, सगळे मिळून अठ्ठेचाळीस. काही गोल, काही चौकोनी, काही अनेक कोनांचे. गोल खांबांवरची वळी पाहून वाटतं, हे दगडातलं नाही, सुताराने लाकूड कातून काढलं आहे. आपल्या पाळण्याच्या खुरांसारखं किंवा कातीव लाटण्यासारखं.

या रिंगणावर अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले आहेत. इंद्र ऐरावतावर पूर्वेला, अग्नी मेंढ्यावर आग्नेयेला, यम रेड्यावर दक्षिणेला, वरुण मगरीसारख्या मकरावर पश्चिमेला. चूल आग्नेयेला हवी असं घर बांधताना आपण म्हणतो ना? तो आग्नेयेचा मालक इथे प्रत्यक्ष बघून घ्या. मुलं बरोबर असतील तर त्यांना वाहन दाखवून दिशा ओळखायला सांगा. पुस्तकात डोकं आपटून जे पाठ होत नाही, ते इथे खेळता खेळता होतं.

त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री पूर्ण चंद्र या गवाक्षाच्या वर येतो आणि त्याचा प्रकाश रंगशिलेवर उतरतो. ते पाहायला दूरदूरहून माणसं जमतात. यात चमत्कार नाही, पण हिशेब मात्र आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे कलतो, म्हणून चंद्र उत्तरेकडून वर चढतो आणि आपल्या भागात मध्यरात्री जवळजवळ माथ्यावर येतो. आपल्या अंगणातल्या तुळशीजवळ उभं राहून पाहिलंत तरी त्या रात्री मान पूर्ण मागे टाकावी लागते. त्या गवंड्यांनी त्या चंद्राला एक खिडकी करून दिली, एवढंच!

हत्तींची ओळ

आता बाहेर या आणि देवळाला एक सावकाश प्रदक्षिणा घाला. जोत्याच्या वर हत्तींची रांग आहे, गजपीठ म्हणतात त्याला. नव्वदहून अधिक हत्ती! सगळ्या देवळाचा भार जणू त्यांनीच पाठीवर घेतला आहे, आणि त्यांच्या पाठीवर देवदेवता स्वार झालेल्या आहेत. एका हत्तीच्या गळ्यात घंटा, दुसऱ्याच्या अंगावर साखळ्या, झूल. पण बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या. मोगली फौजांनी फोडलं, असं गावकरी सांगतात. ते पाहून चुटपुट लागते. तरीही गंमत पाहा, सोंड नसली तरी हत्ती हत्तीच वाटतो. घडवणाऱ्याने सगळा जीव सोंडेत नव्हे, उभं राहण्यात ओतला आहे.

भिंतींवर देवांच्या जोडीने स्त्रियांच्या उभ्या मूर्ती आहेत. सुरसुंदरी म्हणतात त्यांना. त्या काळच्या देवळांवर कुणी आरशात पाहते, कुणी पायातला काटा काढते, कुणी पोपटाशी बोलते, कुणी चक्क पत्र लिहिते. आठ-नऊशे वर्षांपूर्वी बायकांचे दागिने, केसांच्या गाठी, कमरपट्टे कसे होते, ते कुठल्या पुस्तकापेक्षा या भिंतीच चांगलं सांगतात.

दगडातलं पुस्तक

माझं मन मात्र सगळ्यात जास्त गुंतलं ते खांबांच्या पायथ्याशी. तिथे छोट्या छोट्या चौकटींत गोष्टी कोरल्या आहेत, पंचतंत्रातल्या. गेल्या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाच्या सहलीत एक आजी होत्या. वय पंचाहत्तर, शाळेचं तोंड कधी पाहिलेलं नाही. आम्ही सगळ्या छत बघत असताना त्या गुडघे दुखतात म्हणून खाली टेकल्या होत्या. एकदम त्यांनी हाक मारली, “अगो, हा कासव बघ! दोन पाखरां काठी धरून नेतायत, आणि ह्यो मेला तोंड उघडणार!”

आम्ही चौदा शिकलेल्या बायका त्या चौकटीपाशी वाकलो. खरंच की! दोन हंस, मधे काठी, आणि काठीला तोंडाने लटकलेलं ते बडबडं कासव. आजींनी मग तिथेच बसून आम्हाला पूर्ण गोष्ट सांगितली, त्यांच्या आजीने त्यांना सांगितली होती तशी. त्या दिवशी आमच्यापैकी कुणालाच न वाचता आलेलं पान त्यांनी सहज वाचलं. ते पान कोरणाऱ्याने ते लिहिलंच होतं मुळी त्यांच्यासारख्या माणसांसाठी.

जगात इतरत्रही हेच दिसतं. आपलं हे देऊळ उभं राहत होतं त्याच बाराव्या शतकात फ्रान्समध्ये वेझले या गावी टेकडीवर ख्रिस्ती साधूंच्या मठाचं मोठं चर्च बांधलं जात होतं. त्याच्या खांबांच्या माथ्यावरही अशीच चित्रं कोरलेली आहेत. त्यांतलं एक चित्र तर आपल्याला घरचंच वाटावं असं आहे. एकजण वरून दळणात धान्य ओततो आहे आणि दुसरा खाली पोत्यात पीठ भरून घेतो आहे! जुन्या धर्मग्रंथातल्या धान्याचं नव्या शिकवणुकीत पीठ झालं, असा त्याचा अर्थ. हे ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला सांगायचं कसं? दळणाची ओळख सगळ्यांना आहे, मग दळणच दाखवावं. तिकडचा पाथरवट आणि इकडचा पाथरवट एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांना आपली माणसं ठाऊक होती.

वेझलेचं ते चर्चही पुढे पडायला आलं होतं. १८४० साली व्हियोले-ल-द्यूक या तरुण वास्तुकाराने त्याची डागडुजी हाती घेतली म्हणून आज ते उभं आहे. म्हणजे देऊळ बांधणारे हात जितके महत्त्वाचे, तितकेच ते सांभाळणारे. आणि इथेच, मैत्रिणींनो, आपला संबंध येतो.

आपले हात आणि दगडाचं अंग

कोपेश्वराचं देऊळ केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पण खात्याचा माणूस प्रत्येक मूर्तीपाशी उभा राहू शकत नाही. कृष्णेचा पूरही कुणाला थांबवता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत शिरोळ तालुक्याने महापुराचे जे हाल सोसले ते आपण सगळ्यांनी वाचले आहेत. पण पुरापेक्षा हळू आणि रोज होणारी एक झीज आहे, आणि ती भक्तीच्या पोटी होते.

तुमच्या देवघरातला आजेसासूबाईंच्या वेळचा बाळकृष्ण हातात घेऊन बघा. नाक सपाट, डोळे पुसट. कुणी केलं? चिंच आणि रांगोळी लावून पिढ्यान् पिढ्या प्रेमाने घासणाऱ्या हातांनीच ना? दगडाचंही तसंच होतं. एक बाई कोरीव मूर्तीला कुंकू लावते, तिचं बघून दुसरी हळद लावते, तिसरी तेल घालते. तेलावर धूळ बसते, कापराची काजळी बसते, आणि चार वर्षांत त्या मूर्तीच्या चेहऱ्यावर काळा चिकट थर चढतो. मग कुणीतरी उत्साही माणूस तारेचा ब्रश नाहीतर अॅसिड घेऊन तो थर काढायला जातो, आणि थराबरोबर बोटं, नथ, भुवई सगळंच जातं!

पूजा गाभाऱ्यात चालू आहे, ती तिथे मनोभावे करावी. भिंतीवरच्या मूर्तींना मात्र नजरेनेच नमस्कार करावा. त्यांना तो पोचतो.

आणि ही गोष्ट फक्त खिद्रापूरपुरती नाही. माझ्या माहेराकडच्या एका गावात देवीचं जुनं कौलारू देऊळ होतं. सभामंडपाचे लाकडी खांब कोरीव, तुळयांवर वेलबुट्टी, दोन पोपट. लहानपणी भजनाला बसलं की मी ते पोपट मोजत असे. आधी त्या खांबांना चकचकीत ऑईलपेंट लागला, हिरवा आणि गुलाबी. नंतर जीर्णोद्धार निघाला. सिमेंटचा स्लॅब पडला, भिंतींना न्हाणीघरासारख्या फरशा बसल्या, आणि कोरीव खांब मागच्या पडवीत पावसात पडून राहिले. पुढच्या वर्षी गेले तेव्हा तेही नव्हते. वर्गणी सगळ्यांनी दिली होती, बायकांनी तर बचत गटातून दिली होती. पण काय पाडायचं आणि काय ठेवायचं, हे ठरवताना एकाही बाईला विचारलं नव्हतं, आणि एकीनेही आपण होऊन विचारलं नव्हतं.

देऊळ नीटनेटकं असावं, गळू नये, बसायला स्वच्छ जागा असावी, हे कुणाला नको आहे? पण घर आवरताना आपण सासूबाईंची पैठणी भंगारात टाकतो का? जुनं म्हणजे सगळंच टाकाऊ नसतं, हे संसार करणाऱ्या बाईला सांगायला नको.

जाताना लक्षात ठेवा

• सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसतं, भर दुपारी सगळं सपाट वाटतं.
• आतल्या सभामंडपात आणि गाभाऱ्यात अंधार असतो. एक छोटी बॅटरी बरोबर ठेवा. उजेड समोरून न टाकता बाजूने टाका, मग बारीकसारीक रेघही दिसते.
• उन्हाळ्यात काळा दगड तापतो. अनवाणी प्रदक्षिणेसाठी जाड मोजे पर्समध्ये असू द्या.
• डबा-पाणी घेऊन जा, पण देवळात पसरू नका. उष्टं-खरकटं, पिशव्या परत आणा.
• मुलांना हत्तीवर बसवून फोटो काढू नका. कुणी नाव कोरताना दिसलं तर आपलं-परकं न बघता हटका.
• पावसाळ्यात निघण्याआधी कृष्णेच्या पाण्याची चौकशी करा.
• घाट चढणं जमत नसेल तर रत्नागिरी जिल्ह्यातच संगमेश्वरजवळ कसब्याला कर्णेश्वराचं काळ्या दगडातलं सुंदर कोरीव देऊळ आहे. डोळ्यांना सवय करायला तिथूनच सुरुवात करा.

आणि शेवटी एक काम सांगते, बघा जमतंय का. या रविवारी आपल्या गावच्या देवळात जाल तेव्हा दर्शन झाल्यावर दहा मिनिटं थांबा. तुळया, खांब, उंबरा, दीपमाळ, बाहेर झाडाखाली ठेवलेला एखादा वीरगळ, सगळं एकदा नीट बघा. मोबाइलवर फोटो काढून तारखेसकट जपून ठेवा. गावात जी सगळ्यात म्हातारी बाई असेल तिला विचारा, हे कोण, ही गोष्ट कुठली. आणि जीर्णोद्धाराची सभा लागली, की चहा करायला आत जाण्यापूर्वी बाहेर सतरंजीवर बसा आणि मोठ्याने विचारा, “हे खांब तुम्ही कुठे ठेवणार आहात?”

एवढा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला, तर कुठल्यातरी तुळईवरचे दोन पोपट वाचतील.